मिलिमीटरने मोजलेली जमीन

हिंगोली जिल्ह्यातील वसमत म्हटले, की हळदीची पेठ आठवते. याच तालुक्यातील पांगरा शिंदे हे गाव मात्र वेगळ्याच कारणाने सर्वांना माहीत झाले. तेथे जमिनीतून गडगडाट ऐकू येतो व मधूनमधून धक्के बसतात. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात रिश्टर मापाने ४.५ चा भूकंप झाला आणि १० जुलैच्या सकाळी पुन्हा तेवढाच.

पुढचा धक्का केव्हा बसेल? तो दिवस व ती वेळ कोणालाच सांगता येत नाही. पण खडक कोठे ताणला जात आहे, हे काही ठिकाणी मोजता येते. कसे ते पाहू या.

एक बारीक तुराटी दोन्ही हातांत धरून हळूहळू वाकवा. ती वाकत जाते आणि मग एकदम कट्‌कन मोडते. मोडताच दोन्ही तुकडे पुन्हा सरळ होतात. जमिनीखाली खडकांत मोठ्या भेगा असतात. त्यांना प्रस्तरभंग म्हणतात. भेगेच्या दोन्ही बाजू सरकू पाहतात, पण घर्षणामुळे अडकून बसतात. खडक वाकत राहतो आणि एके दिवशी भेग सुटते. तोच भूकंप! सॅन फ्रान्सिस्को येथे १९०६ साली भूकंप झाला. त्याच्या आधीच्या व नंतरच्या जमीनमोजणीवरून रीड या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही उपपत्ती मांडली.

खडकाचे हे वाकणे हिमालयात चांगले मोजता येते. भारताचा भूपट्ट दर वर्षी सुमारे ५ सें. मी. ईशान्येकडे सरकतो. त्यातील सुमारे २ सें. मी. हिमालयात दाबली जाते. तेथे पक्क्या खडकात खांब रोवून त्यांवर जी. पी. एस. यंत्रे बसवतात. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संदेश किती वेळात पोचले, यावरून खांबाची जागा ठरते. अशा नोंदी वर्षानुवर्षे घेतल्या, की मिलिमीटरची हालचालही कळते.

या नोंदींत काय आढळले? पायथ्याच्या डोंगरांतील खांब जवळजवळ मैदानाबरोबरच चालतात, जणू दोन्ही एकत्र शिवले आहेत! उंच शिखरांजवळ मात्र खांबांच्या वेगांत झपाट्याने फरक पडतो. याचा अर्थ, खालचा प्रस्तरभंग पायथ्यापासून शिखरांच्या खालपर्यंत अडकलेला आहे. त्यापलीकडे, खोल व उष्ण खडकांत तो सावकाश सरकत आहे.

आता हिशेब करा. वर्षाला २ सें. मी., तर शंभर वर्षांत २ मीटर! २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात ७.८ चा भूकंप झाला, तेव्हा काठमांडूचे खोरे काही सेकंदांत दीड मीटरहून अधिक दक्षिणेकडे सरकले आणि सुमारे एक मीटर वर उचलले गेले. जमीन कोठे उचलली व कोठे खचली, याचा नकाशा उपग्रहांतील रडारने दिला.

मग वसमतला खांब रोवले, तर? आपला मराठवाडा भूपट्टाच्या काठावर नसून आत आहे. येथील सगळे खांब एकदमच ईशान्येकडे निघतात. त्यांच्यातील अंतर इतके सावकाश बदलते, की ते मोजायला फार वर्षे लागतात. शिवाय जुन्या भेगा काळ्या बेसाल्ट खडकाच्या थरांखाली झाकलेल्या आहेत.

म्हणून आपल्याकडे खांब स्थिर दिसले, तरी धोका नाही असे समजू नये. वसमतपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरील किल्लारीच्या परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसे दगावली. त्यांतील बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवद यांच्याखाली सापडली.

तेव्हा मित्रांनो, आपल्या घराची भिंत एकदा नीट पाहा. तिच्यात आरपार जाणारे दगड आहेत का? दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा आहे का? छत हलके आहे का? भूकंपाची वेळ आपल्या हाती नाही, पण भिंत आहे.