ग्रहणाचे वेध आणि मधुमेहाची गोळी

ग्रहण जवळ आले की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, वेध पाळायचेत. सकाळची गोळी घेऊ की नको?" या प्रश्नाचे गांभीर्य मला पुस्तकाने नव्हे, तर घरच्याच एका प्रसंगाने शिकवले.

२०१५ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळ गेलो होतो. आमची सून चिनी वंशाची. रविवारी, २७ सप्टेंबरला तिच्या माहेरचा मोठा सण होता. चिनी पंचांगातील आठव्या महिन्याची ही पौर्णिमा. शरद ऋतूच्या मध्यावर येते म्हणून तिला मध्यशरद उत्सव म्हणतात. आपल्या कोजागिरीची बहीणच म्हणा ना! घरातली सारी माणसे एकत्र जमतात, कंदील लावतात, चंद्र बघत चहा पितात आणि 'मूनकेक' खातात. त्याचा गोल आकार म्हणजे कुटुंब एकत्र आल्याची खूण. चंद्रावर ससा आहे, असे तेही मानतात.

त्याच संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहण होते. तेथे ते ग्रस्तोदित, म्हणजे चंद्र ग्रासलेलाच उगवला. ७ वाजून ११ मिनिटांनी तो पूर्ण झाकला गेला आणि ७२ मिनिटे तसाच तांबूस राहिला. व्याही सांगत होते, चिनी भाषेत ग्रहणाच्या शब्दातच 'खाणे' आहे. आकाशातला कुत्रा चंद्राला गिळतो, अशी समजूत. त्याला पळवण्यासाठी पूर्वी लोक ढोल, थाळ्या बडवत. मी म्हटले, आमच्या 'खग्रास'मधला ग्रास म्हणजे घासच की!

आमच्या गप्पा रंगल्या होत्या, पण सौ. गप्प होती. तिला दहा वर्षांपासून मधुमेह. सकाळी नाश्त्याबरोबर तिने ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती आणि नऊनंतर वेध म्हणून काहीच खाल्ले नव्हते. तिने सांगितले नाही आणि डॉक्टर असून मी विचारले नाही. साडेसातच्या सुमारास पाहतो तो कपाळावर घाम, हात थरथरताहेत, बोलणे असंबद्ध. "थंडी वाजत असेल," मुलगा म्हणाला. पण थंडीत घाम कसा येईल? व्याहीही मधुमेही असल्याने घरात रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र होते. साखर भरली ५२.

विहीणबाई घाईने मूनकेक घेऊन आल्या. मी तो बाजूला ठेवायला सांगितला आणि तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी ६८. पुन्हा तेवढेच साखरपाणी. नंतर ९४. ग्रहण सुटेपर्यंत जेवायचे नाही, असे तिचे म्हणणे. तेव्हा सून म्हणाली, "आई, आमच्याकडे आज कुणी उपाशी राहिले तर सणच होत नाही." मग मात्र तिने भात खाल्ला. झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्री मी पुन्हा साखर तपासली.

असे का झाले? ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. आपण जेवलो की नाही, हे गोळीला कळत नाही. तिचा अंमल दिवसभर राहतो, म्हणून साखर एकदा वाढली तरी पुन्हा उतरू शकते. आणि मूनकेक का नाही? तो गोड असला तरी त्यात स्निग्धांश भरपूर. स्निग्ध पदार्थाने साखर रक्तात उशिरा पोचते. पेढा, बर्फी, चॉकलेट यांनाही हेच लागू. अशा वेळी साधी साखर, ग्लुकोज किंवा फळांचा गोड रस हाच खरा उपाय.

एरवीही मधुमेह्याने मूनकेक जपूनच खावा. कमळबियांचे गोड सारण आणि खारवलेले अंड्याचे बलक घातलेल्या एका मोठ्या केकमध्ये ८०० ते १००० कॅलरी असतात. म्हणजे आठ-दहा पोळ्या! व्याही त्याची एक लहान फोड बिनसाखरेच्या चहाबरोबर खातात आणि त्या दिवशी भात कमी घेतात. दिवाळीच्या फराळालाही ही युक्ती चालेल.

आता ग्रहणाविषयी. चंद्राचा प्रकाश हा सूर्याचाच परावर्तित प्रकाश. पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेले तांबडे किरण चंद्रावर पडतात, म्हणून तो तांबूस दिसतो. त्यामुळे अन्न बिघडत नाही, गर्भाला इजा होत नाही. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी खुशाल पाहावे. सूर्यग्रहणाचे मात्र तसे नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे तो भाजला तरी लगेच समजत नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल यांवर विसंबू नये. ग्रहणासाठीचा प्रमाणित चष्माच वापरावा.

ज्यांना वेध पाळायचे आहेत त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे :

१) इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी उपासाआधी डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने औषध बंद करू नये आणि औषध घेऊन उपाशीही राहू नये.

२) घाम, थरथर, धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे. साखर ७० च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. यंत्र नसले तरी साखर देण्यास थांबू नये.

३) माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

४) गर्भवतींनी उपाशी वा तहानलेले राहू नये. बाल, वृद्ध, आजारी व गर्भवती यांना पंचांगातही सवलत सांगितलेली असते.

सौ. आता ग्रहणाच्या दिवशी वेळेवर जेवते आणि मग चंद्र पाहते. आणि मी न चुकता विचारतो, "जेवलीस का?"