रायचूर–सोलापूर ७६५ किलोव्होल्ट वाहिनी : विद्युत क्षेत्र व प्रभार वितरण यांचे एक विवेचन

प्रस्तावना

पदवी स्तरावरील भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्थिरविद्युतशास्त्राला पायाभूत स्थान आहे. कुलोमचा नियम, गाऊसचा नियम, विभव आणि धारकता या संकल्पना विद्यार्थी अभ्यासतात व त्यांवरील उदाहरणेही सोडवितात. मात्र शेतावरून जाणाऱ्या अतिउच्च दाबाच्या वाहिनीत प्रत्येक ठिकाणी एका तारेऐवजी चार तारांचा जुडगा का असतो, असे विचारले असता अनेकदा समाधानकारक उत्तर मिळत नाही. हे उत्तर पाठ्यपुस्तकातील सूत्रांतच दडलेले आहे. सोलापूर परिसरातील प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे ते स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वाहिनीची पार्श्वभूमी

दक्षिण भारताचे विद्युत जाळे दीर्घकाळ देशाच्या उर्वरित जाळ्याशी केवळ एकदिश प्रवाहाच्या दुव्यांनी जोडलेले होते. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीचे केंद्र हा त्यांपैकीच एक दुवा होय. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्ट क्षमतेची, सुमारे २०८ किलोमीटर लांबीची प्रत्यावर्ती प्रवाहाची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकाच वारंवारतेवर जोडले गेले. अशा रीतीने देशाच्या एकात्मिक विद्युत जाळ्याच्या इतिहासात सोलापूरचे नाव नोंदले गेले.

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. प्रत्यावर्ती प्रवाहाला स्थिरविद्युतशास्त्राचे नियम कसे लागू पडतात? ५० हर्ट्झ वारंवारतेच्या विद्युतचुंबकीय तरंगाची लांबी सुमारे ६००० किलोमीटर असते. तारेपासून जमिनीपर्यंतचे अंतर त्या तुलनेत नगण्य आहे. त्यामुळे कोणत्याही एका क्षणी तारेभोवतीचे क्षेत्र स्थिर प्रभाराच्या क्षेत्रासारखेच मानता येते.

वाहकाच्या पृष्ठभागावरील प्रभार

समतोल अवस्थेत वाहकाच्या अंतर्भागातील विद्युत क्षेत्र शून्य असते. ते शून्य नसते, तर मुक्त इलेक्ट्रॉन हलत राहिले असते आणि समतोल साधला गेला नसता. गाऊसच्या नियमानुसार याचा अर्थ असा की, अतिरिक्त प्रभार केवळ पृष्ठभागावरच राहतो. पृष्ठभागालगतचे क्षेत्र त्या ठिकाणच्या प्रभार घनतेच्या सम प्रमाणात असते. दिलेल्या विभवाला वाहक जितका बारीक किंवा टोकदार, तितकी प्रभाराची दाटी अधिक व क्षेत्रही अधिक तीव्र, हे सूत्र येथे महत्त्वाचे ठरते.

हवेची सहनशक्ती मर्यादित आहे. क्षेत्राची तीव्रता दर सेंटिमीटरला सुमारे ३० किलोव्होल्ट झाली की हवेतील रेणूंचे आयनीभवन होऊ लागते. तारेभोवती निळसर प्रभा व चरचर असा आवाज निर्माण होतो आणि ऊर्जा वाया जाते. यास कोरोना विसर्ग म्हणतात.

एक तार की चार तारा?

उदाहरणादाखल सुमारे ३.५ सेंटिमीटर व्यासाची एकच तार जमिनीपासून १८ मीटर उंचीवर आहे असे मानू. ७६५ किलोव्होल्ट हा दोन फेजमधील दाब आहे. एका फेजचा जमिनीसापेक्ष दाब त्यास तीनच्या वर्गमुळाने भागून सुमारे ४४२ किलोव्होल्ट येतो व त्याचे शिखरमूल्य सुमारे ६२५ किलोव्होल्ट असते. जमिनीला सपाट वाहक मानून प्रतिमा पद्धतीने, इतर दोन फेजचा प्रभाव तूर्त वगळून, हिशेब केल्यास तारेच्या पृष्ठभागावरील क्षेत्र दर सेंटिमीटरला सुमारे ४७ किलोव्होल्ट येते. हे मूल्य हवेच्या मर्यादेपलीकडचे आहे. अशी तार कोरडी असतानाही सतत विसर्ग करीत राहील.

आता त्याच जाडीच्या चार तारा सुमारे ४६ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर ठेवल्या, तर विद्युतदृष्ट्या हा जुडगा सुमारे २२ सेंटिमीटर त्रिज्येच्या एकाच जाड वाहकासारखा वागतो. त्याच हिशेबाने प्रत्येक तारेवरील सरासरी क्षेत्र दर सेंटिमीटरला सुमारे १७.५ किलोव्होल्ट इतके उतरते. चौकोनाच्या बाहेरील बाजूस प्रभार अधिक दाटतो. तेथेही ते सुमारे २०.५ किलोव्होल्टच भरते.

येथील एक बाब अध्यापनाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. जुडग्याची धारकता अधिक असल्याने त्यावरील एकूण प्रभार एकट्या तारेच्या सुमारे दीडपट होतो, तरीही पृष्ठभागावरील क्षेत्र निम्म्याहून कमी होते. प्रभार अधिक म्हणजे क्षेत्र अधिक, हा विद्यार्थ्यांचा सर्वसाधारण समज येथे अपुरा ठरतो. प्रभार किती आहे यासोबतच तो कसा विभागला आहे, हेही निर्णायक असते.

मृगाच्या सरींत अशा वाहिनीखाली चरचर वाढलेली का ऐकू येते, याचेही उत्तर यातच आहे. तारेला लोंबणारा पाण्याचा थेंब क्षेत्राच्या ओढीने टोकदार होतो. त्याच्या टोकाशी प्रभार दाटतो व तेथील क्षेत्र मर्यादा ओलांडते.

जमिनीवरील परिणाम

तारेवरील क्षेत्र कमी करण्याची किंमत जमिनीवर मोजावी लागते. दूर अंतरावर क्षेत्र एकूण प्रभारावर अवलंबून असते. तो दीडपट झाल्याने वाहिनीखालील क्षेत्रही त्याच प्रमाणात वाढते. वरील उदाहरणात एकाच फेजचा विचार करता ते दर मीटरला सुमारे ६.४ किलोव्होल्टऐवजी ९.६ किलोव्होल्ट येते. इतर दोन फेजवर त्याच क्षणी विरुद्ध चिन्हाचा प्रभार असल्याने प्रत्यक्षात ते सामान्यतः याहून कमी असते. अविआयनकारी प्रारणापासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० मध्ये ५० हर्ट्झसाठी सर्वसामान्य जनतेकरिता दर मीटरला ५ किलोव्होल्ट व व्यावसायिक संपर्काकरिता १० किलोव्होल्ट ही संदर्भमूल्ये दिली आहेत. तारांची जमिनीपासूनची उंची आणि वाहिनीचा पट्टा ठरविताना विद्युत क्षेत्राचा विचार का करावा लागतो, हे यावरून लक्षात येते.

सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने प्रवर्तित प्रभाराचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. रबरी टायरांवर उभी असलेली उसाची ट्रॉली किंवा लाकडी खांबांवर ताणलेल्या द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा जमिनीपासून विलग असतात. वाहिनीखाली त्यांवर प्रभार प्रवर्तित होतो आणि स्पर्श करताच तो शरीरातून जमिनीकडे वाहतो. लहान वस्तूंच्या बाबतीत चटका किरकोळ असतो, परंतु वस्तूचा आकार व लांबी वाढेल तसा प्रवाह वाढतो. अशा धातूच्या वस्तूंचे योग्य अर्थिंग करणे हा त्यावरील उपाय होय. वाहिनी सुरू असताना तारेवर काम करणारा कर्मचारी धातुमिश्रित धाग्यांचा पोशाख घालतो, त्यामागील तत्त्वही वाहकाच्या आत क्षेत्र नसते हेच आहे. मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये पिंजऱ्याच्या प्रयोगातून ते दाखवून दिले होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, प्रभार वितरण ही केवळ परीक्षेपुरती संकल्पना नाही. वाहिनीची रचना, ऊर्जेचा अपव्यय आणि तिच्याखाली राबणाऱ्या माणसाची सुरक्षितता या तिन्ही बाबी तिच्याशी निगडित आहेत. वर केलेले हिशेब पदवीच्या विद्यार्थ्याला वहीच्या एका पानावर करता येतात. वर्गातील अनेक विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतील असतात. अर्थिंगविषयीचे अज्ञान आणि वाहिनीविषयीची निराधार भीती, या दोहोंचे निराकरण त्यांच्यामार्फत गावापर्यंत पोहोचू शकते. त्यादृष्टीने गाऊसचा नियम शिकविताना या वाहिनीचे उदाहरण अध्यापकांनी आवर्जून घ्यावे.