गाडीवरचा ओरखडा: रंग जुळवायचा कसा, लावायचा कसा

आजचा विषय छोटा आहे, पण गाडी असलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येणारा. गाडीवरचा ओरखडा घरच्या घरी कसा बुजवायचा?

फौजेत असताना हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. युनिटच्या गाड्या सगळ्या ऑलिव्ह ग्रीन. शेड जुळवायची भानगडच नाही. निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक झालो, पांढरी गाडी घेतली, आणि वर्षभरात आमच्याच फाटकाच्या कडीने मागच्या दारावर बोटभर ओरखडा काढला. ‘पांढरा तो पांढरा’ म्हणून मी बाजारातून एक बाटली आणली आणि जाडसर फासून मोकळा झालो. माझी गाडी होती पर्ल व्हाइट. दाराला चुन्याचं बोट पुसल्यासारखं दिसू लागलं. तेही चाललं असतं. पण पावसाळा सरता सरता त्या रंगाला खालून फोड आले. मी गंज न काढताच वर रंग चढवला होता. शेवटी अख्खं दार रंगवून घ्यावं लागलं.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. टचअपचं मुख्य काम पत्रा पाण्यापासून वाचवणं. दिसण्याचा विचार त्यानंतर.

आता थोडी रेकी. पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एक-दीड कागदाएवढी. ओरखड्यावर पाण्याचं बोट फिरवा. ओला असताना तो दिसेनासा झाला, तर इजा फक्त क्लिअर कोटला आहे. पॉलिशने भागेल, रंग लावूच नका. नख अडकत असेल तर रंग लागणार. तळाशी चकचकीत किंवा तांबूस पत्रा दिसला, तर मात्र उद्यावर ढकलू नका. कोकण, गोवा, मंगळूर, चेन्नई अशा खाऱ्या हवेच्या गावी तर मुळीच नाही. बंपर बहुधा प्लास्टिकचा असतो; तो गंजत नाही, तिथे घाई नको.

रंग डोळ्यांनी नव्हे, कोडने जुळवा. हा कोड दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. सापडला नाही तर चासी नंबरवरून डीलर सांगतो. पण कोड एकच असला तरी उन्हाने जुनी गाडी फिकी पडलेली असते. म्हणून बाटली दोन मिनिटं हलवून जाड पांढऱ्या कागदावर रंग लावा, वाळू द्या, वर क्लिअर कोट द्या आणि तो कागद दाराशी धरून दिवसाउजेडी, सावलीत बघा. ट्यूबलाइटखाली शेड फसवते. मेटॅलिक आणि पर्ल रंग ब्रशने शंभर टक्के जुळत नाहीत, हे आधीच मान्य करा.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सावलीत, दिवस कोरडा, जवळपास विडी-काडी नाही. जागा शॅम्पूने धुऊन वाळवा. गंज असेल तर 800 किंवा 1000 नंबरच्या वॉटर पेपरची बारीक घडी करून तेवढाच घासा. आजूबाजूचा चांगला रंग सोलू नका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, म्हणजे मेण आणि तेलकटपणा जाईल. उघड्या पत्र्यावर प्रायमरचा पातळ थर द्या. तो वाळला की टूथपिकने किंवा अगदी बारीक ब्रशने रंग फक्त खाचेत सोडा. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. दोन थरांमध्ये अर्धा तास जाऊ द्या, बाटलीवर वेगळी वेळ लिहिली असेल तर ती पाळा. रंग आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित खाली राहिला की थांबा. उरलेली जागा क्लिअर कोटची. बाहेर ओघळला तर ओला असतानाच पुसा.

पुढचा आठवडाभर त्या जागेला पॉलिश लावू नका. मग उंचवटा राहिलाच असेल, तर 2000 नंबरच्या वॉटर पेपरने साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने घासा आणि रबिंग कंपाउंडने चमक आणा. इथे जोर लावलात तर शेजारचा क्लिअर कोटही जाईल. शंका वाटली तर उंचवटा राहू द्या.

पत्रा चेपला असेल किंवा ओरखडा तळहाताएवढा पसरला असेल, तर सरळ डेंटर-पेंटरकडे जा. आणि छोट्या ओरखड्यासाठी विम्याचा क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनसचा हिशोब करा. तो 20 ते 50 टक्के असतो, एका क्लेमने जाऊ शकतो.

माझ्या त्याच गाडीच्या पुढच्या दारावर आता दुसरा एक ओरखडा आहे. जवळून पाहिलं तर कळतो. तीन पावसाळे झाले, फोड आलेला नाही. मला तेवढं पुरे आहे.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.