आभाळाचे चित्र आणि मृगाची पेरणी

मृगाचा पहिला पाऊस झाला, की विष्णुपुरीच्या काळ्या रानात मातीचा वास सुटतो आणि घरोघर एकच प्रश्न निघतो : तिफण धरायची, का थांबायचे? बी महाग, खत महाग. पेरल्यावर पंधरा दिवस उघाड पडली, तर आलेले कोंब जळतात अन् दुबार पेरणी माथी बसते. हल्ली पुष्कळ जण हा प्रश्न मोबाईलला विचारतात. हवामान खात्याच्या चित्रात आपल्या जिल्ह्यावर पांढरा ठिपका दिसला, की पिशवी फोडतात. म्हणून हे चित्र कसे निघते, ते आधी पाहू.

हवामानाचा पहिला उपग्रह अमेरिकेने १ एप्रिल १९६० रोजी सोडला. आपल्या देशाने इन्सॅट-३डीआर २०१६ साली आणि इन्सॅट-३डीएस २०२४ साली सोडला. हे विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. खळ्यावर तिवड्याजवळचा बैल आणि कडेचा बैल एकदमच फेरी पुरी करतात ना? तसेच हे. पृथ्वी आतला बैल, उपग्रह कडेचा. म्हणून तो सदा आपल्यावरच नजर लावून असतो.

आता तुम्ही म्हणाल, रात्रीच्या अंधारात चित्र कसे निघते? तर ते उजेडाचे नसते, उष्णतेचे असते. जितके उंच जावे तितकी थंडी. ढगाचा माथा थंड असला, की चित्रात तो पांढरा उमटतो. ढग खाली असला, की करडा. पांढरा म्हणजे थंड आणि थंड म्हणजे उंच, इतकेच ते चित्र सांगते. पाऊस म्हणत नाही! पिसासारखा पातळ ढगही फार उंचावर असतो. तो पांढरा दिसतो आणि थेंबही देत नाही. उलट करडा, बुटका ढग दिवसभर भुरभुर करीत राहतो. शिवाय या चित्रातला एक ठिपका सुमारे ४ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे जवळजवळ ४,००० एकर. त्यात तुमचे रान कुठले, हे उपग्रहाला काय ठाऊक?

मग चित्र कुचकामी का? मुळीच नाही. फक्त आपल्या डोक्यावर न पाहता लांब पाहावे. सुटे, गोल ढग दुपारी उठतात आणि रात्री विरतात, तो वळवाचा खेळ. त्यावर पेरू नये. अरबी समुद्रावरून ढगांचा रुंद पट्टा दिवसामागून दिवस चढत आला, तर मोसमी वारे निघाले असे समजावे. तरीही सह्याद्री आडवा आहे. तो पाणी कोकणात आणि घाटावर उतरवून घेतो. आपण पडलो पर्जन्यछायेत. मराठवाड्याला चांगली झड लागते ती पुष्कळदा बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा पश्चिमेला सरकतो तेव्हा. म्हणून नांदेड-लातूरच्या माणसाने पूर्वेकडे डोळा ठेवावा. ओडिशा, आंध्रच्या किनाऱ्यापाशी ढगांची भोवरी बसलेली दिसली, तर ती बातमी आपल्या कामाची.

एवढ्यावरही शेवटचा शब्द रानातल्या डब्याचा. परभणीचे कृषी विद्यापीठ ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नका असे सांगते. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा झाडापासून दूर ठेवा. रोज सकाळी पट्टीने पाणी मोजून लिहा आणि डबा रिकामा करा. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. आकडे लिहिताना मुले हाताशी घ्या, गणितही होईल.

जमीन पाहणारे उपग्रह वेगळे. ते बरेच खालून फिरतात. युरोपच्या सेंटिनेल-२ या जोडीच्या चित्रात १० मीटरचा तुकडाही ओळखू येतो. मे महिन्यात आपला मुलूख तपकिरी, विष्णुपुरीचे पाणी गोदावरीच्या वळणाने काळ्या फितीसारखे, आणि हिरवे काही असेल तर ते ओलिताचे. सप्टेंबरात सगळीकडे हिरवे. मात्र नेमके पिकाच्या ऐन दिवसांत ढग आड येतात, ही या चित्रांची खोड. आणि धरणात पाणी किती पसरले ते दिसते, किती खोल ते दिसत नाही.

गुरुजींसाठी एक गंमत. इन्सॅटचे सकाळी ६ वाजताचे, उजेडात काढलेले चित्र २१ जूनचे घ्या आणि २२ डिसेंबरचे घ्या. जूनमध्ये नांदेड उजेडात असते, डिसेंबरात अंधारात. घड्याळ तेच, पण पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, म्हणून उजेड-अंधाराची रेघ एकदा एका बाजूला झुकते, एकदा दुसऱ्या. दोन्ही चित्रे वर्गाच्या भिंतीवर शेजारी लावा आणि मध्ये २१ मार्चचे लावा. त्यात रेघ उभी, सरळ दिसेल.