समीकरणाचा समतोल व विक्रियेचे प्रमाण

दोन्ही बाजूंचे अणू व विद्युद्भार जुळले की समीकरण सिद्ध झाले, ही समजूत पदव्युत्तर वर्गापर्यंतही टिकून राहते. आम्लधर्मी द्रावणातील परमँगनेट व हायड्रोजन पेरॉक्साइड यांची विक्रिया तिला छेद देते. परमँगनेटचे २ व हायड्रोजनचे ६ आयन घेऊन पेरॉक्साइडचा १ रेणू योजिला, तर मँगॅनीजचे २ आयन, ऑक्सिजनचे ३ व पाण्याचे ४ रेणू असा हिशेब निर्दोष जुळतो. पेरॉक्साइडचे ३ रेणू घेतले, तरी ऑक्सिजनचे ४ व पाण्याचे ६ धरून तो तितकाच निर्दोष! पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन यांत होणारे विघटन स्वतःच समतोल असल्यामुळे ते मूळ समीकरणात हवे तितके वेळा मिळविता येते. बीजगणिताला यांतून निवड करता येत नाही.

निवड होते ती इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीवरून. +७ वरून +२ वर येताना मँगॅनीजचा प्रत्येक अणू ५ इलेक्ट्रॉन स्वीकारतो. पेरॉक्साइडचा रेणू ऑक्सिजन होताना २ देतो. म्हणून २ आयनांस ५ रेणू हेच प्रमाण. येथे बाहेर पडणारा सर्व ऑक्सिजन पेरॉक्साइडचाच, हे गृहीत आहे. ऑक्सिजन-१८ या समस्थानिकाच्या प्रयोगांनी त्यास पुष्टी मिळाली आहे. अनुमापनात पहिले समीकरण वापरल्यास पेरॉक्साइडचे परिमाण खऱ्याच्या एकपंचमांशच येईल.