पश्मिना आणि चांगपा

वाचकहो, अंगठीतून ओढून काढता येणाऱ्या पश्मिन्याच्या शालीची ख्याती आपण ऐकली असेलच. (सत्कारात श्रीफळाबरोबर मिळणारी शाल बहुधा या जातीची नसते, हे सांगितलेले बरे!) ही शाल म्हटली की काश्मीर आठवते. परंतु तिची उत्कृष्ट लोकर येते ती लडाखमधील चांगथांग पठारावरून, आणि ती पिकवतात चांगपा नावाचे भटके पशुपालक.

हे पठार समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहूनही उंच आहे. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. त्या कडाक्यापासून बचाव व्हावा म्हणून तेथील शेळीच्या राठ केसांखाली अतिशय मऊ लव उगवते. तिचा तंतू माणसाच्या केसाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढाच जाड असतो. उन्हाळा लागताच ही लव सुटू लागते, तेव्हा शेळीला आडवी धरून फणीने विंचरतात. एका शेळीमागे पाव किलोच्या आसपास कच्चा माल निघतो. राठ केस व धूळ काढल्यावर त्यातला निम्माही उरत नाही.

१६८४ च्या तिंगमोसगंगच्या तहाने ही लोकर काश्मीरलाच जावी असे ठरले. तेव्हापासून शालीचे मोल विणकाम जेथे होते तेथे वाढत गेले. तंबूच्या दाराशी कच्ची लोकर विकणाऱ्याच्या हाती त्यातला अल्प वाटा पडतो. त्यात १९६२ च्या युद्धानंतर हिवाळी कुरणे हातची गेली. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तर चारा हिमाखाली गाडला जाऊन हजारो शेळ्या-करडे दगावली. खारनाक भागातील बहुतेक कुटुंबे लेहजवळ वस्ती करून राहिली आहेत. मुलांना शाळा हवी, आजाऱ्याला दवाखाना हवा. त्यांना दोष कसा द्यावा?

उपाय सुरू झाले आहेत. लेह येथे राठ केस वेगळे करणारे यंत्र आले, पशुपालकांची सहकारी संस्था उभी राहिली, लडाखी स्त्रिया सूत काढून शाली विणू लागल्या आणि २०२३ मध्ये लडाखच्या पश्मिन्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या मते मात्र मानांकनापेक्षा चाऱ्याची कोठारे अधिक निकडीची आहेत. हिमवर्षावाने वाटा बंद होण्यापूर्वीच चारा तळावर पोचला, तर कळप वाचतो. आणि तळाबरोबर फिरणारा शिक्षक मिळाला, तर मुलांसाठी कळप विकून लेहला जाण्याची पाळी त्या कुटुंबावर येत नाही.