फाइल थेट चालवली की दुसरीनं बोलावली?



सभासदांची यादी, वर्गणीच्या पावत्या, निमंत्रणं ही मंडळाची कामं घरातली कॉलेजात शिकणारी मुलं पायथन भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहून सोपी करू शकतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे टिपण.

1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. आपण बेळगावच लिहितो. त्यामुळे एकाच घराचा पत्ता यादीत दोन तऱ्हांनी येऊ शकतो. समजा, आपल्या स्क्रिप्टमधलं एक फंक्शन असे पत्ते एकसारखे करतं आणि ‘मुख्य’ नावाचं दुसरं फंक्शन सगळ्यांना वर्गणीची आठवण पाठवतं.

पुढे कोणी पाकिटांवर पत्ते छापायला नवी फाइल लिहिली आणि त्यात जुन्या फाइलीतलं पत्त्यांचं फंक्शन इम्पोर्ट केलं. इम्पोर्ट करताना पायथन जुनी फाइल वरपासून खालपर्यंत चालवते. तिच्या शेवटी नुसतं मुख्य() असेल, तर बेळगावपासून निपाणीपर्यंत सगळ्यांना वर्गणीची आठवण पुन्हा जाईल, वर्गणी भरलेल्यांनाही!

यावर उपाय भाषेतच आहे. फाइल थेट चालवली, तर तिच्या __नेम__ या चलाची किंमत "__मेन__" असते. इम्पोर्ट केली, तर फाइलीचं स्वतःचं नाव असतं. म्हणून शेवटी लिहितात:

इफ __नेम__ == "__मेन__":
    मुख्य()

हेच काम डेकोरेटरनंही होतं. डेकोरेटर म्हणजे एखादं फंक्शन हाती घेऊन त्याचं काहीतरी करणारं दुसरं फंक्शन. त्याची @ ही खूण पायथन 2.4 मध्ये, 2004 साली आली.

डेफ चालवा(काम):
    इफ काम.__मॉड्यूल__ == "__मेन__":
        काम()
    रिटर्न काम

आता ‘मुख्य’च्या डोक्यावर @चालवा लिहिलं की फाइल थेट चालवल्यावर ते आपोआप चालतं, इम्पोर्ट केल्यावर गप्प राहतं. (डेफ, इफ, रिटर्न आणि दुहेरी अधोरेषांची नावं टाइप करताना इंग्रजी अक्षरांत लिहावीत. ‘चालवा’, ‘मुख्य’, ‘काम’ ही नावं मात्र पायथन 3 मध्ये देवनागरीतही चालतात.)

दोन गोष्टी सांभाळाव्यात. डेकोरेटर ‘मुख्य’ची व्याख्या पुरी होताच ते चालवतो. त्याला लागणारं एखादं फंक्शन फाइलीत त्याच्या खाली असेल, तर पायथनला ते अजून माहीत नसतं आणि चूक दाखवली जाते. म्हणून ‘मुख्य’ सर्वांत शेवटी ठेवावं. दुसरं, ‘रिटर्न काम’ विसरू नये. नाहीतर ‘मुख्य’ या नावामागे काहीच उरत नाही आणि ते पुन्हा बोलावता येत नाही.

आमचा सल्ला असा: डेकोरेटर शिकण्यासाठी हा प्रयोग जरूर करावा. पण मंडळाची स्क्रिप्ट उद्या दुसऱ्या कार्यकर्त्याच्या हाती जाते. तिथे शेवटच्या त्या दोन ओळीच बऱ्या. पायथन जाणणाऱ्या कोणालाही त्या बघताच कळतात.